लांकडी सांगाड्याचा वाडा



गेल्या श्रावणांत आमच्या जुन्या नाशकांतील वाड्याची मागची भिंत पहांटे कोसळली. दैवयोगानें कोणास इजा झाली नाहीं. उजाडल्यावर पाहतों तों भिंतीच्या जागीं मातीचा ढीग, पण वरचा मजला आणि कौलें होतीं तशींच! धाकटे बंधू म्हणाले, "दादा, आतां वाडा पाडावा हें बरें." मी म्हणालों, "अरे, पडली ती भिंत. वाडा उभाच आहे."

मी गणिताचा मास्तर, सुतार नव्हें. तरी एवढें सांगतों कीं, अशा वाड्याचा भार मुख्यतः लांकडी सांगाडा वाहतो. दगडी जोत्यावर तळखडा, म्हणजे खांबाचें पाऊल ओलीपासून उचलून धरणारा दगड. त्यावर सागवानी खांब, खांबांच्या माथ्यावर तुळई, तुळईवर कडीपाट. एका लांकडास खांच व दुसऱ्यास तींत चपखल बसणारें कुसूं, असे सांधे. दोन खांबांमधील अंतर तो खण. जुनी माणसें घर खणांनींच मोजीत. खांबांमधली मातीची भिंत हा बहुतांशीं आडोसा.

ही युक्ति केवळ आपलीच नव्हे. अमेरिकेंत डेडहॅम गांवीं फेअरबँक्स कुटुंबाचें लांकडी घर आहे. तुळयांतील वर्षवलयें मोजून तें १६४१ च्या सुमाराचें ठरलें. तेथें ओक, येथें साग. थंडीमुळें त्यांचें घर मधल्या धुराड्यास बिलगून बसलें, आपलें उजेड-वाऱ्यासाठीं चौकाभोंवतीं.

आगीपुढें मात्र इलाज नाहीं. १७३२ सालीं वास्तुशांत झालेल्या पुण्याच्या शनिवारवाड्याचे लांकडी इमले १८२८ च्या आगींत गेले. उरले तट आणि जोतीं. ओल अधिक कपटी. भिंतींत दडलेलें तुळईचें टोंक आंतल्या आंत कुजतें आणि वरून रंग लावलेला असतो! आपल्या सराफ बाजाराजवळचा पेशवेकालीन सरकारवाडा पाहावयास जाल, तेव्हां नक्षी पाहाच, पण खांबाच्या पावलाकडेही दृष्टि टाका.

आमच्याकडे एका वृद्ध सुतारानें हातोडीनें खांब ठोकून पाहिले. बारांपैकीं अकरा खणखणीत वाजले. मोरीजवळचा एक बद्द बोलला. त्याचा खालचा हातभर भाग कापून नवें सागवान सांधावें, असें तो म्हणतो. लांकूड मीं सांगून ठेवलें आहे. बंधूंची संमति अजून मिळावयाची आहे.