दहा हजार फुटांवरची तपासणी

(गतवर्षीच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत मंडळाच्या एका सभासदाने केलेले भाषण)



परवा स्थापनेच्या दिवशी आरतीला चाळीस मिनिटे उशीर झाला. मंडपाची वीज आम्हीच अडवून धरली होती. चाचणीचे बटण दाबूनही ईएलसीबी पडत नव्हती. दुसरी आणून बसवेपर्यंत निरांजने लावून सगळे ताटकळत उभे होते. "काकांना आजच नियम आठवले!" असे मागून कुणीतरी म्हणाले, तेही आम्ही ऐकले. चिटणिसांनी मग प्रायश्चित्त म्हणून हे भाषण आमच्या गळ्यात घातले. विषय आम्ही निवडला तो मात्र आकाशातून मारायच्या उडीचा. दोन्हींचा संबंध काय, ते शेवटी आपोआप लक्षात येईल.

आमची ओळख बहुतेकांना आहे. विजेच्या विषयातली पदविका घेतली आणि राज्य शासनाच्या बांधकाम खात्यात उपयंत्री म्हणून लागलो, त्याला वीस वर्षे होऊन गेली. पॅनेल, पंप, जनरेटर आणि रजिस्टर हे आमचे विश्व. दोन वर्षांपूर्वी कन्येला अठरावे लागले, तेव्हा उभयतांनी तिला विचारले, "काय हवे?" ती म्हणाली, "बाबा, उज्जैनला दतान्याच्या हवाई पट्टीवर हिवाळ्यात स्कायडायव्हिंग असते. मला उडी मारायचीय."

आई जपमाळ खाली ठेवून म्हणाली, "जमिनीवर काय कमी पडलंय हिला?" कन्येने लगेच पुण्याच्या शीतल महाजनांचे नाव काढले. त्यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर उडी मारली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली थायलंडमध्ये त्यांनी चक्क नऊवारी नेसून उडी घेतली. नऊवारीचे ऐकून आई जरा नरमली. आम्ही मात्र म्हटले, "आधी यंत्र समजून घेऊ, मग हो की नाही ते ठरवू." पुढचे तीन महिने घरात दुसरा विषय नव्हता.

नवख्या माणसाला एकट्याने उडी मारायची नसते. प्रशिक्षकाच्या छातीशी त्याला बांधतात आणि दोघांसाठी एकच मोठी छत्री असते. हीच टँडम उडी. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बिल बूथ आणि टेड स्ट्राँग यांनी ती रूढ केली. पाहुण्याच्या अंगावर फक्त पट्ट्यांचा हार्नेस असतो, पॅराशूट नसते. खांद्यांपाशी दोन आणि कमरेपाशी दोन अशा चार ठिकाणी तो प्रशिक्षकाला जोडलेला असतो. प्रशिक्षकाच्या पाठीवरच्या एकाच पिशवीत दोन छत्र्या असतात, खाली मुख्य आणि वर राखीव.

दोन माणसांचे वजन एकत्र पडू लागले की वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे जातो. त्या वेगात छत्री उघडली तर असा झटका बसेल की कापड आणि माणूस दोघांनाही सोसवणार नाही. म्हणून विमान सोडल्यावर काही सेकंदांतच प्रशिक्षक ड्रोग नावाची छोटी छत्री मागे सोडतो. बैलगाडीला उतारावर आडणा लावतात तसे तिचे काम. वेग ताशी दोनशेच्या आसपास येऊन स्थिरावतो. नंतर हँडल ओढले की हीच ड्रोग मुख्य छत्री बाहेर खेचते.

आता बिघाडाकडे येऊ. कन्येच्या उत्साहात आमचे लक्ष सगळे तिकडेच होते.

दहा हजार फुटांवरून उडी मारली तर पाच हजार फुटांपर्यंत यायला अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ लागतो. मुख्य छत्री साधारण तिथे उघडतात. ती उघडलीच नाही, तर त्याच वेगाने जमीन अर्ध्या मिनिटाच्याही आत येते. एवढ्या वेळात बैठक बोलावता येत नाही की वरिष्ठांना विचारता येत नाही. म्हणून प्रत्येक बिघाडाचे उत्तर जमिनीवरच ठरवून, घोकून ठेवलेले असते.

ड्रोग सोडायचे हँडल अडकले, तर त्याच कामाचे दुसरे हँडल असते. तेही चालले नाही, तर सरळ राखीव छत्री. मुख्य छत्री उघडली की प्रशिक्षक वर बघून तीन गोष्टी पाहतो: आकार पूर्ण आला का, ती स्थिर आहे का, आणि दोऱ्या ओढल्यावर वळते का. नुसता दोऱ्यांना पीळ पडला असेल तर तो सोडवायला थोडा वेळ देता येतो. पण किती उंचीपर्यंत झटायचे, तो आकडा आधीच ठरलेला असतो. मनगटावरचा उंचीमापक त्या आकड्यावर आला की प्रयत्न थांबवायचे, मुख्य छत्री तोडून टाकायची आणि राखीव उघडायची. "आणखी एकदा बघू" याला तिथे जागा नाही. या खेळातले जाणकार सांगतात की नुसत्या बिघाडापेक्षा उशिरा घेतलेल्या निर्णयाने माणसे अधिक गेली आहेत.

मुख्य छत्री तोडण्याची युक्ती बिल बूथ यांचीच, १९७०च्या दशकातली. पाहिल्यावर आमच्यातला पदविकाधारक खूश झाला. मोठ्या कडीत मधली कडी, मधलीत लहान, आणि लहान कडी दोऱ्याच्या फासाने धरलेली. त्या फासातून एक गुळगुळीत केबल जाते. दोन माणसांचा भार प्रत्येक कडीपाशी कमी होत जातो आणि शेवटच्या फासावर इतका थोडा उरतो की नुसत्या हाताने केबल ओढली की छत्री सुटते. पण कड्यांचा क्रम चुकला, तर तीच युक्ती गळ्याशी येते. म्हणून प्रत्येक उडीपूर्वी त्या डोळ्यांनी पाहायच्या असतात, आणि ठरावीक मुदतीने सोडवून, पट्टे मळून, पुन्हा जोडायच्या असतात.

याखेरीज, सुटून जाणारी मुख्य छत्रीच राखीव छत्री ओढून उघडेल अशी एक जोडणी असते. आणि प्रशिक्षकच बेशुद्ध पडला तर? त्यासाठी छोटे स्वयंचलित यंत्र आहे. जर्मनीत १९९१ साली आलेले सायप्रेस हे त्यातले प्रसिद्ध नाव. हवेच्या दाबावरून ते उंची आणि वेग मोजते. टँडममध्ये साधारण दोन हजार फुटांच्या आसपास वेग अजूनही जास्त असेल, तर ते राखीव छत्रीचा फास आपोआप कापते.

राखीव छत्री प्रत्येक गावी कुणीही बांधत नाही. ते काम परवानाधारक रिगरचे. अमेरिकेत ती १८० दिवसांनी पुन्हा उघडून, तपासून बांधावी लागते. बांधणारा कार्डावर तारीख घालून सही करतो आणि दोऱ्यावर शिशाचे छोटे सील लावतो. त्यावर त्याची खूण असते. म्हणजे ही सही कुणाची, हे कायम कळते. तिथल्या लष्करात तर रिगरला स्वतः बांधलेल्या कोणत्याही पॅराशूटने उडी मारायची तयारी ठेवावी लागते. हे वाचले आणि आम्ही जरा अस्वस्थ झालो.

उलट उदाहरणही आहे. २०१६ साली कॅलिफोर्नियातल्या लोडाय येथे टँडम उडीत प्रशिक्षक आणि अठरा वर्षांचा पाहुणा असे दोघेही गेले. छत्री नीट उघडली नव्हती. पुढे चौकशीत निघाले की प्रशिक्षकाकडे टँडमसाठी लागणारी रीतसर पात्रताच नव्हती. कागद तपासणे हीसुद्धा तपासणीच असते. हा प्रसंग आम्ही कन्येला मुद्दाम वाचून दाखवला. ती म्हणाली, "मग बाबा, आपण कागद विचारू ना."

आम्ही विचारले. प्रशिक्षकांनी न रागावता दाखवले.

त्या दिवशी पहाटे पोहे खाऊन निघालो आणि उन्हे वर यायच्या आत दतान्याला पोचलो. पण वारा होता. तास गेला, दीड तास गेला. लोक कुरकुरू लागले, त्यात आम्हीही होतो. प्रशिक्षक एवढेच म्हणाले, "वारा उतरला की जाऊ. नाही उतरला तर उद्या." त्यांना आमच्या कुरकुरीचे काहीच वाटत नव्हते.

शेवटी वारा पडला. हार्नेस चढवताना प्रत्येक पट्टा त्यांनी हाताने ओढून पाहिला, नुसता नजरेने नाही. विमानाकडे जाताना पुन्हा. विमानात चारही हूक लावल्यावर तिसऱ्यांदा, आणि दार उघडण्यापूर्वी परत एकदा, प्रत्येक हूक बोट लावून मोठ्याने मोजत. कन्येलाही कामे नेमून दिली होती: उडी घेताना शरीर कमानीसारखे, उतरताना पाय वर, आणि प्रशिक्षकाचे हात किंवा कोणतेही हँडल पकडायचे नाही. आईने दिलेला तांब्याचा छोटा गणपती तिच्या खिशात निघाला. सुटी वस्तू चालत नाही म्हणून प्रशिक्षकांनी तो नमस्कार करून आमच्या सौभाग्यवतींच्या हातात दिला. उडी संपेपर्यंत त्यांनी मूठ उघडली नाही.

पहिल्या तपासणीनंतर कन्येने सहज विचारले, "बाबा, तुमच्याकडेही असेच तीन-तीनदा बघतात?"

आम्ही काही बोललो नाही. आज या व्यासपीठावरून उत्तर देतो.

काही वर्षांपूर्वी एका सरकारी इमारतीचा जनरेटर आमच्याकडे होता. तिथे रुग्ण असत. दर महिन्याला तो भारावर चालवून पाहायचा आणि रजिस्टरात नोंद करायची. एका महिन्यात घाई होती. मागल्या महिन्यात चालला होता, या महिन्यातही चालेल म्हणून आम्ही न चालवताच "तपासले, ठीक" लिहून सही केली. नऊ दिवसांनी रात्री वीज गेली. जनरेटर लागला नाही. बॅटरी उतरली होती. दुसरी आणून तो सुरू होईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटे गेली आणि तेवढा वेळ परिचारिका मोबाइलच्या उजेडात हाताने श्वास देत राहिल्या. कुणाला काही झाले नाही. हे त्या परिचारिकांचे कर्तृत्व, आमचे नाही. चौकशीत ठपका बॅटरीवर आला. रजिस्टरात सगळे ठीक होते, कारण ते आम्ही लिहिले होते.

हे आजवर घरीही सांगितले नव्हते.

कन्या सुखरूप उतरली. उतरल्यावर बराच वेळ हसत होती, मग रडली, मग भूक लागली म्हणाली. परतताना गाडीत आम्ही तिला जनरेटरची गोष्ट सांगितली. ती गप्प ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आता चालवून बघता ना?" तेव्हापासून आम्ही चालवून बघतो.

तेव्हा आपल्यापैकी कुणाची मुले-नातवंडे उडी मारायला निघाली तर अडवू नका. पण सोबत जा आणि विचारा: टँडमची पात्रता दाखवता का? राखीव छत्री शेवटची कधी बांधली, कार्ड कुठे आहे? स्वयंचलित यंत्र आहे का आणि चालू केले का? वाऱ्याची मर्यादा किती? ज्याला या प्रश्नांचा राग येतो, त्याच्याबरोबर उडी मारू नये. आणि जो "आज नाही" म्हणू शकतो, त्याच्यावर चिडू नये.

परवाच्या चाळीस मिनिटांबद्दल मंडळाची क्षमा मागतो. पुढच्या वर्षी बटण आदल्या दिवशी संध्याकाळी दाबून पाहू, म्हणजे आरती वेळेवर होईल. अग्निशामक नळकांड्यांच्या तारखाही त्याच वेळी पाहू. दोन तरुण सोबत हवेत. नावे आजच चिटणिसांकडे द्यावीत.

गणपती बाप्पा मोरया!