बिनतारी मॉड्यूलचा शिधा

तारापूरच्या अणुवीजकेंद्राचे पहिले दोन संच १९६९ सालीं सुरू झाले. पुढें २००५ व २००६ सालीं तेथें प्रत्येकी ५४० मेगावॅटचे आणखी दोन संच आले. अशा महाशक्तीच्या शेजारीं, बोईसर-पालघरच्या एखाद्या घरांत, मेजावरचें चिमुकलें यंत्र विजेवांचून उपाशी राहतें, असें म्हटलें तर तो विनोद वाटेल. परंतु हें नित्य घडतें.

हौशी तरुण आर्दुइनो उनो या बोर्डाला इएसपी-८२६६ हें बिनतारी मॉड्यूल जोडतो. वाडींतील टाकी रिकामी होत आली कीं घरीं सूचना यावी, एवढीच त्याची अपेक्षा. ऐन वेळीं सूचना येत नाहीं, झाडें तहानलेलीं राहतात, आणि तरुण रात्रभर प्रोग्रॅमच्या ओळी तपासीत बसतो. दोष बहुधा तेथें नसतोच.

मॉड्यूलला ३.३ व्होल्टचा दाब हवा. उनोच्या एका पिनेवर तो मिळतो. म्हणून जोडणी निर्दोष भासते. पण दाब म्हणजे पुरवठा नव्हे. त्या पिनेची मर्यादा ५० मिलिअँपिअर आहे. मॉड्यूल नुसतें ऐकत असतांही ५० ते ५६ मिलिअँपिअर घेतें, आणि बोलूं लागलें कीं मागणी १७० च्या घरांत जाते. त्या क्षणीं दाब कोसळतो आणि मॉड्यूल पुन्हा आरंभापासून सुरू होतें. साध्या मीटरला ही क्षणाची घसरण दिसत नाहीं.

नळाची धार बारीक असली म्हणजे गृहिणी हंडा भरून ठेवते. कंडेन्सर हा तसाच हंडा होय. क्षणिक मागणी तो भागवितो. परंतु नित्याचा खर्चच आवकीहून अधिक असेल, तर हंडा किती पुरणार? म्हणून निदान ५०० मिलिअँपिअर देणारा ३.३ व्होल्टचा स्वतंत्र रेग्युलेटर घ्यावा आणि मॉड्यूलच्या अगदीं लगत कंडेन्सर लावावा. बोर्ड, रेग्युलेटर व मॉड्यूल यांच्या ग्राउंडच्या पिना एकत्र जोडाव्या. नाहीं तर एकाचा संकेत दुसऱ्यास कळत नाहीं. उनोचा संकेत ५ व्होल्टचा असतो. १ किलोओहमचा रोधक वाटेंत व २ किलोओहमचा ग्राउंडकडे लावून तो सुमारें ३.३ व्होल्टवर उतरवावा.

एवढें करूनही यंत्र अडलें, तर खुशाल प्रोग्रॅम तपासावा. मात्र केवळ शिधा तोकडा पडला म्हणून चांगलें यंत्र टाकून देऊं नये, आणि स्वतःच्या बुद्धीलाही बोल लावूं नये.