एकट्याची होडी



हवाई बेटांत जुन्या काळी होडीसाठी कोआचे झाड निवडावयाचे असले, म्हणजे जाणते कारागीर ‘एलेपायो’ नावाच्या चिमुकल्या पक्ष्याकडे डोळे लावून बसत. पक्षी खोडावर टोचा मारू लागला, तर आत कीड आहे असे समजून ते झाड सोडून देत. नुसताच फिरून उडून गेला, तर लाकूड निकोप मानीत. झाडाचा डौल पाहून कोणी भुलत नसे. आजच्या होड्या बहुधा कार्बनच्या धाग्यांच्या असतात. तेथे हा पक्षी काय करणार? परीक्षा आपली आपणच करावयाची.

ही होडी आपल्याला अगदीच परकी नाही. कोकणच्या किनाऱ्यावर होडीच्या एका अंगास आडव्या दांड्यांनी लाकडाचा ओंडका जोडलेला आपण पाहिला असेल. ती उलांडी. हवाईत तिला ‘आमा’ म्हणतात. एकट्याने वल्हवावयाची आधुनिक होडी सुमारे २० फूट लांब, जेमतेम माणूस बसेल इतकी रुंद आणि वजनाने १० किलोच्या आसपास असते. उलांडी डाव्या अंगास. डावीकडे झुकलात, तर ती तोलून धरते. उजवीकडे फार झुकलात, तर ती हवेत उठते आणि होडी पालथी होते.

आता निवड. शांत पाण्यासाठी तळ सरळ आणि अंग अरुंद असावे. अशी होडी बाणासारखी जाते. समुद्रासाठी तळाला दोन्ही टोकांकडे थोडी कमान हवी आणि नाळेत पोट हवे. नाहीतर लाटेच्या उतारावरून येताना नाळ पुढच्या पाण्यात घुसते. परंतु कमान वाढली, की शांत पाण्यात वेग घटतो. दोन्ही गुण पुरेपूर एका होडीत येत नाहीत. सुकाणूचेही तसेच. हवाईच्या धर्तीच्या होडीत ते पायांनी फिरवितात. ताहितीच्या ‘वाआ’स सुकाणूच नसते, सारे वळण वल्ह्याने. ती उत्तम गुरू आहे. परंतु खवळलेल्या पाण्यात नवशिक्याने सुकाणूची होडी घ्यावी.

मी स्वतः कसा चुकलो, ते सांगतो. नोकरीनिमित्त काही वर्षे होनोलुलूस होतो. तेथील आला वाय कालव्यात एक अरुंद, देखणी होडी चालवून पाहिली आणि खूष होऊन घेऊन टाकली. कालव्याचे पाणी म्हणजे परातीतले पाणी! आठवड्याने वाइकिकीच्या बाहेर समुद्रात गेलो. उजवीकडून एक लाट आली. मी घाबरून तिच्याकडे झुकलो, आणि क्षणात पाण्यात पडलो. होडी पायाला दोरीने बांधण्याचा मी आळस केला होता. तेथला नेहमीचा वारा ईशान्येचा, म्हणजे दक्षिण किनाऱ्यावर तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. १० किलोंची रिकामी होडी त्याने पानासारखी पुढे नेली. मी पोहत होतो आणि अंतर वाढतच होते. मागून येणाऱ्या सोबत्याने तिला गाठले, म्हणून आज आपल्यापुढे उभा आहे.

दोष होडीचा नव्हता. मी माझ्या सर्वांत चांगल्या दिवसासाठी होडी निवडली होती. निवडावयाची असते ती सर्वांत वाईट दिवसासाठी. भीतीने अंग आखडले, म्हणजे वेगवान होडीही धिमी होते. उलट जिच्यावर निश्चिंत बसता येते, तीच अखेर लवकर किनाऱ्यास लागते.

तेव्हा माझी कसोटी सोपी आहे. शांत पाण्यात तर होडी चालवून पाहाच. पण नंतर जाणत्याच्या सोबतीने खोल पाण्यात ती मुद्दाम तीनदा पालथी करा. ती सुलटी करून उलांडीच्या बाजूने तिन्ही वेळा वर चढता आले, तिसऱ्या वेळीही दम उरला, तर ती होडी तुमची. न जमले, तर थोडी रुंद घ्या. त्यात कमीपणा नाही. दोन्ही पाण्यांसाठी एकच घेणार असाल, तर समुद्राकडे झुकते माप द्या. कालव्यात थोडे मागे पडाल, एवढेच.

एकट्याच्या होडीत हाक मारावयास दुसरा कोणी नसतो. म्हणून दुकानात उभे असताना स्वतःशी खरे बोलावे. पाण्यात गेल्यावर ते उशिराचे होते.