मांडवीवरची विनातिकिटाची वाट
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



गोव्याच्या राजधानीसमोर मांडवी नदीत दोन प्रकारच्या बोटी दिसतात. पहिल्या प्रकारच्या बोटी जागच्या हलत नाहीत. नांगर टाकून उभ्या असतात आणि रात्र पडली की झगमगू लागतात. ही कॅसिनोची जहाजे. त्यांवर नुसते पाऊल ठेवण्यासाठी हजारो रुपये मोजावे लागतात. नव्वदच्या दशकात जुगारविषयक कायद्यात दुरुस्ती करून त्यांना नदीचे पात्र मोकळे करण्यात आले. २०२० च्या फेब्रुवारीपासून खुद्द गोमंतकीयांना तेथील जुगाराच्या दालनांत प्रवेश बंद आहे. नदी ज्यांची, त्यांनाच मज्जाव! अर्थात जुगारापासून दूर राहिल्याने गोमंतकीयांचे काही नुकसान झाले असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न नदीचा आहे.

दुसऱ्या प्रकारची बोट मात्र सतत हलत असते. ती सरकारच्या नदी परिवहन खात्याची फेरीबोट. तळ सपाट, तोंडाशी लोखंडी फळी. काठ आला की फळी धक्क्यावर टेकते, मध्ये उभ्या असलेल्या स्कूटरी आणि मोटारी घरघरत बाहेर पडतात, आणि कडेच्या बाकांवरची माणसे पिशव्या सावरीत उतरतात. पायी चढणाऱ्याला तिकीट नाही. दुचाकीलाही परंपरेने भाडे नाही. कोणी ओळखपत्र मागत नाही, की गाव कोणते असे विचारीत नाही. पणजी आणि तिचा परिसर पाहावयाचा असेल, तर या बोटीइतका प्रामाणिक मार्गदर्शक दुसरा नाही.

पणजीच्या धक्क्यावरून पलीकडे बेतीला जावयास काही मिनिटे पुरतात. तेवढ्या वेळात शहराची मांडणी डोळ्यांसमोर उलगडते. काठावर आदिलशहाचा वाडा; १७५९ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय जुने गोवे सोडून येथे राहावयास आला, आणि कोळ्यांच्या वस्तीचे हळूहळू राजधानीत रूपांतर झाले. मागे अल्तिनोची टेकडी. सत्तेने टेकडी आणि काठ घेतला, कष्टकऱ्यांनी पलीकडचा तीर, हे पाण्यावरून जितके स्पष्ट दिसते तितके रस्त्यावरून दिसत नाही. बेतीजवळच मालीमचा मासेमारी धक्का आहे. पणजीच्या बाजारात विकावयास येणाऱ्या मासळीमागचे श्रम तेथे पाहावयास मिळतात. परत आल्यावर चालत अठरा जून रस्त्यावर जाता येते. १९४६ च्या त्या तारखेचे महत्त्व या वर्गात सांगावयास नको.

पणजीहून रिबंदरकडे जाणारा रस्ता म्हणजे सतराव्या शतकातील लिन्यारिशचा सेतू. सुमारे तीन किलोमीटरांचा हा दगडी बांध मिठागरांमधून जातो. रिबंदरच्या धक्क्यावरून एक बोट चोडण बेटावर जाते, दुसरी दिवाडला. चोडणच्या धक्क्यालगतच डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे १७८ हेक्टर. पण खारफुटीचे रान किती दाट असू शकते आणि नदीच्या मुखाशी ते काय राखून ठेवते, हे समजण्यास तेवढे पुरेसे आहे.

दिवाडवर अधिक रेंगाळावे. धक्क्यापासून वर पिएदादच्या टेकडीकडे जाताना दोन्ही बाजूंना खाजन जमिनी लागतात. भरतीचे खारे पाणी अडविण्यासाठी बांध, आणि पाणी सोडण्या-धरण्यासाठी ‘मानस’ नावाची लाकडी दारे; या साध्या साधनांवर खाडीच्या तळातून भातशेती उभी राहिली. हे काम एकट्या जमीनदाराच्या आवाक्यातले नव्हे. एक बांध फुटला की साऱ्यांची शेते खारी होतात. म्हणून बांधाची निगा गावकरीकडे असे, आणि पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद म्हटले. त्या व्यवस्थेत जातीचे आणि पुरुषांचे वर्चस्व होते, हे विसरून तिचे गोडवे गाऊ नयेत. तरीही सामायिक पाण्याचा सामायिक बंदोबस्त ही कल्पना कोणा परदेशी ग्रंथातून आलेली नाही, ती या चिखलातून आलेली आहे.

बेटाच्या उत्तर टोकाहून नार्व्याला बोट जाते. दिवाडवरील सप्तकोटेश्वराचे देऊळ सोळाव्या शतकात पाडले गेल्यावर देव नदी ओलांडून पलीकडे नेण्यात आला, आणि तेथील मंदिराचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी केला. दक्षिणेकडील बोट जुन्या गोव्याला टेकते. त्या धक्क्यावरून वर येताच व्हाइसरॉयची कमान लागते. लिस्बनहून नवा व्हाइसरॉय आला की तो नदीतूनच येथे उतरे आणि या कमानीतून समारंभाने राजधानीत शिरे. आज दिवाडहून भाजीची टोपली घेऊन येणारी बाई त्याच वाटेने शहरात येते. तिच्यासाठी तोफा उडत नाहीत, पण तिला जकातही द्यावी लागत नाही. बसने थेट चर्चसमोर उतरणारा प्रवासी या कमानीपर्यंत सहसा पोहोचत नाही, आणि त्यामुळे हे शहर कोणत्या दिशेला तोंड करून बांधले होते, हेच त्याला कळत नाही.

आता मुख्य मुद्दा. ही सेवा तोट्यात चालते, सबब ती विनामूल्य का ठेवावी, असे अधूनमधून विचारले जाते. ‘तोटा’ हा शब्द येथे मोठ्या चतुराईने वापरला जातो. डांबरी रस्ता तोट्यात आहे असे कोणी म्हणत नाही. पुलावरून चालणाऱ्याकडून कोणी पैसे घेत नाही. मग ज्याच्या घरापुढे पुलाऐवजी पाणी आहे, त्यानेच पावलापावलाला पैसे का मोजावेत? फेरीबोट हे वाहन नव्हे. ती बेटावरच्या माणसाची पायवाट आहे.

या पायवाटेची किंमत साऱ्या गोव्याला एकदा कळली होती. १९७० च्या सुमारास बांधलेला मांडवीवरील पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. राजधानीचा उत्तर गोव्याशी आणि मुंबईच्या महामार्गाशी असलेला थेट दुवा तुटला. नवा पूल १९९२ मध्ये खुला होईपर्यंत नोकरदार, विद्यार्थी, रुग्ण, भाजी, मासळी, सारे पाण्यावरून गेले. तेव्हा ‘तोटा’ शब्द कोणाच्या ओठावर आला नाही. २०१९ मध्ये तिसरा, उंच अटल सेतू झाला. त्यावर दुचाकींना मज्जाव आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये फेरीबोटीवर दुचाकीला दर खेपेस १० रुपये आकारण्याचा निर्णय जाहीर झाला. दहा रुपयांत काय आहे, असे पणजीतील एखादा सुखवस्तू गृहस्थ म्हणेल. पण ज्याला कामासाठी जाऊन-येऊन रोज दोनदा नदी ओलांडायची, त्याला महिन्याला ते पाचशेच्या घरात जाते. बेटांवरून विरोध झाला आणि अंमलबजावणी लांबणीवर पडली. २०२५ च्या जुलैत रिबंदर-चोडण मार्गावर मोठ्या, वेगवान रो-रो बोटी आल्या. त्यांवर वाहनांना भाडे आहे. वेगवान बोट नको असे कोणीच म्हणणार नाही. भीती निराळी आहे: चांगली बोट पैसेवाल्यांची आणि जुनी, खडखडणारी बोट फुकट्यांची, अशी वाटणी एकदा रुजली की जुनीची दुरुस्ती कोण करणार?

येथे एक कबुली आवश्यक आहे. बेटावरील लोकांची जुनी तक्रार भाड्याची नाहीच. बोट बिघडते, खेप चुकते, रात्री आजारी माणसाला घेऊन धक्क्यावर ताटकळावे लागते, ही त्यांची तक्रार. विनामूल्य म्हणजे दर्जाहीन असे समीकरण खात्याने स्वतःच जुळवू दिले, आणि चळवळीनेही ‘फुकट’ या शब्दावर समाधान मानून वेळापत्रकाकडे दुर्लक्ष केले. भाडेमाफीसाठी मोर्चा काढणे सोपे. बोटीची खेप वेळेवर सुटावी म्हणून महिनोन्‌महिने पाठपुरावा करणे कष्टाचे.

पर्यटकानेही फुकट का जावे, हा आक्षेप वरवर न्याय्य वाटतो. पण स्थानिक कोण आणि पाहुणा कोण हे ठरवू लागले की धक्क्यावर कागद तपासणारा बसतो, आणि त्याच्यासमोर पहिल्यांदा अडतो तो कागद नसलेला मजूर. पाहुण्याने चोडण-दिवाडला चहा प्यावा, भात खावा, काजू विकत घ्यावे. त्याचे पैसे गावात राहतील. कॅसिनोच्या जहाजावर उधळलेल्या पैशांपैकी दिवाडच्या बांधाला किती पोहोचतात, हा प्रश्न विधानसभेत विचारण्याजोगा आहे.

पुढील महिन्यात जे साथी गोव्यात जातील, त्यांनी सकाळी बेतीची, दुपारपूर्वी चोडणची आणि उन्हे उतरताना दिवाडची बोट धरावी. पावसाळा असेल तर छत्री हवीच. बाकावर जागा असली तरी फळीजवळ खलाशाशेजारी उभे राहावे, आणि बोट किती वेळा बंद पडते, शेवटची खेप केव्हा सुटते, एका पाळीत माणसे किती असतात, हे त्याला विचारून वहीत टिपून आणावे.