भिंतीच्या फटीतून शिकलेली भाषा
(युवक अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



फ्रँकेन्स्टाईन म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं येतो तो १९३१ च्या हॉलिवुड सिनेमातला बोरिस कार्लोफ. मानेत खिळे ठोकलेला, नुसता गुरगुरणारा. तो आधी डोक्यातून काढून टाका. मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीतला तो प्राणी सलग कित्येक प्रकरणं बोलतो, आणि त्याला बनवणाऱ्या व्हिक्टरपेक्षा सरस बोलतो. फ्रँकेन्स्टाईन हे नावसुद्धा त्याचं नव्हे, व्हिक्टरचं. त्याला नावच दिलेलं नाही. सैतान, पिशाच्च, किडा, तोंडाला येईल ते. सिनेमानं त्याची जीभ छाटली आणि लोकांनी वर मालकाचं नाव चिकटवलं.

तर हा बोलायला शिकला कसा? भाषाशास्त्रातले पंडित याला कुठल्या खान्यात बसवतील? मला बोलायचंय ते यावर.

हकीकत थोडक्यात. जन्मला तोच आठ फुटी. डोळे उघडले आणि बनवणारा पळून गेला. गावकऱ्यांचे दगड खात तो एका घराला टेकलेल्या खोपटात लपतो. खोपटाच्या एका अंगाला डुकरांचा गोठा, एका अंगाला पाणी. देश जर्मनी, पण जागेची वहिवाट तुमच्या ओळखीची आहे. भिंतीत बारीक फट. फटीपलीकडं फ्रान्समधून परागंदा झालेलं द लासी कुटुंब: आंधळा म्हातारा, मुलगा फेलिक्स, मुलगी अगाथा. हा फटीला डोळा लावतो आणि पहिले शब्द उचलतो. विस्तव, दूध, पाव, लाकूड. पोटाचे शब्द आधी.

आता स्किनरला बोलवा. १९५७ साली त्यानं मांडलं की भाषा म्हणजे सवय. पोर 'पाणी' म्हणतं, पाणी मिळतं, म्हणून पुन्हा म्हणतं. आपल्या आज्या-पणज्यांना 'पाणी' म्हटल्यावर काय मिळालं ते १९२७ च्या महाडला विचारा. या प्राण्याला तर कुणी उत्तरच देत नाही. बक्षीस नाही, शाबासकी नाही, तरी शिकतो. उलट हाच रात्री गुपचूप लाकडं तोडून त्यांच्या दारात रचतो, वाटेवरचा बर्फ काढतो. सकाळी घरातले चकित होतात आणि म्हणतात, हे काम कुणा भल्या आत्म्याचं! फटीआडून तो हे शब्द ऐकतो, पण त्यांचा अर्थ तेव्हा त्याला लागत नाही. स्वतःच्या घामाचं वर्णन कानावर पडतंय आणि ते आपल्याबद्दल आहे हे कळत नाही. गावकीची कामं पिढ्यान्‌पिढ्या उपसलेल्यांना हे मी काय समजावून सांगू!

चॉम्स्कीनं १९५९ साली स्किनरची सालटी काढली. त्याचं म्हणणं, भाषेचा साचा माणसाच्या मेंदूत उपजतच असतो; कानावर थोडं पडलं तरी पुरतं. हे मला आवडतं, कारण यात कुणाचा मेंदू सोवळा नि कुणाचा ओवळा असं नाही. पण लेनेबर्ग १९६७ साली म्हणाला, या साच्याला मुदत आहे, वयात येईपर्यंतच. १९७० साली लॉस एंजेलिसमध्ये तेरा वर्षांची एक मुलगी सापडली, खोलीत डांबून वाढवलेली. अभ्यासकांनी तिला जिनी हे टोपणनाव दिलं. पुढं ती शब्द पुष्कळ शिकली, व्याकरण मात्र बसलं नाही. मग आपला आठ फुटी गडी? देह बाप्याचा, अनुभव तान्ह्याचा. मुदत कुठून मोजायची? इथं लेनेबर्गची पट्टी चालत नाही.

खरी कळ वेगळीच आहे. सफी नावाची परदेशी मुलगी त्या घरात येते. तिला त्यांची फ्रेंच येत नाही. फेलिक्स तिला शिकवतो. वस्तू दाखवून, पुन्हा पुन्हा, फोड करून. क्रॅशन ज्याला समजण्याजोगं बोलणं कानावर पडणं म्हणतो, ते हेच. धडा सफीला, आणि शिकतोय भिंतीपलीकडचा, तोही तिच्यापेक्षा भराभर. कुणी म्हणेल, कादंबरीत काय, काहीही चालतं. नाही. २००१ साली नमिरा अख्तर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोन-अडीच वर्षांची पोरं दोन मोठ्या माणसांचं आपसातलं बोलणं नुसतं ऐकूनही नवे शब्द उचलतात. पोराला उद्देशून बोलायलाच हवं असं नाही.

गौतम धर्मसूत्राला हे कधीच ठाऊक होतं! शूद्रानं वेद ऐकला तर कानात शिसं नि लाख ओता, उच्चारला तर जीभ छाटा. ऐकून शिकता येत नसतं तर कान बुजवायची गरज काय होती? त्यांना आपल्या बुद्धीबद्दल शंका नव्हती, धास्ती होती. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घ्यायचं होतं. अस्पृश्य म्हणून फारसी घ्यावी लागली. तेव्हा कानात शिसं ओतायचं नव्हतं, विषयांच्या यादीतच काम भागलं.

फेलिक्स सफीपुढं व्होल्नेचं साम्राज्यांच्या पडझडीवरचं पुस्तक वाचतो. त्यातून या प्राण्याला मालमत्ता, कुळ, खानदान हे शब्द कळतात. पैसा नाही, कुळ नाही, त्याला भटक्या नाहीतर गुलाम समजतात हेही कळतं. मग तो स्वतःलाच विचारतो, मी कोण? विस्तव-दूध शिकताना हा प्रश्न नव्हता. आपल्यातले शिकलेले खिन्न का होतात म्हणून विचारणाऱ्यांनी ही पानं वाचावीत.

आता या सगळ्या सिद्धांतांची हद्द. घरात कुणी नसताना तो म्हाताऱ्याकडं जातो. म्हातारा आंधळा, त्याला फक्त भाषा ऐकू येते. तो विचारतो, तुम्ही फ्रेंच का? म्हणजे उच्चार पास, व्याकरण पास. तेवढ्यात फेलिक्स येतो, बघतो आणि काठीनं झोडपतो. टेलिफोनवर ठरलेली भाड्याची खोली आडनाव सांगताच जाते, तसं. स्किनर, चॉम्स्की, क्रॅशन, सगळे त्याला भाषा आली इथवर येऊन थांबतात. शुद्ध बोलायला शिका, मग आम्ही ऐकू, असं प्रमाणभाषेचे ठेकेदार आपल्याला सांगतात. त्यांनी हे प्रकरण वाचलेलं दिसत नाही.

पुढं तो व्हिक्टरला हिमनदीवर गाठतो, ऐकायला लावतो. व्हिक्टर जोडीदारीण बनवून देतो म्हणून कबूल होतो आणि अर्धी घडवलेली फाडून टाकतो. मग खून पडतात, सूड होतात. ते तुम्ही वाचा. मला आठवतं ते व्हिक्टरचं मरण्याआधीचं बोलणं. जहाजावरच्या वॉल्टनला तो बजावतो की तो बोलायला पटाईत आहे, त्याच्या शब्दांवर विश्वास ठेवू नकोस.

आपल्याबद्दल हे कुणी कुठं बोललेलं तुम्ही ऐकलंय, ते आता एकेकानं उठून सांगा. चर्चा सुरू करूया.

जय भीम.