पापाची कबुली आणि तारणाची खात्री



प्रभादेवीहून गोखले रस्त्याने दादरकडे निघालो की 'पोर्तुगीज चर्च' लागते. आपण बहुतेकजण त्याला बसच्या थांब्यापुरते ओळखतो. १५९६ साली स्थापन झालेल्या त्या चर्चचे खरे नाव 'तारणाची माता' अशा अर्थाचे आहे. हे तारण माणसाला मिळते कसे, यावरच कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांची शतकानुशतके हुज्जत चालली.

पाद्री पाप पुसतो, अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. क्षमा देवच करतो, याविषयी दोघांचे दुमत नाही. पण क्षमा झाली, हे ऐकायचे कोणाच्या तोंडून? कॅथलिक म्हणतो, धर्मगुरूच्या. त्याच्यापाशी पाप सांगावे. त्याने ख्रिस्ताच्या नावाने क्षमेचे शब्द उच्चारावेत आणि प्रायश्चित्त नेमून द्यावे. ऐकलेले त्याने प्राण गेला तरी फोडायचे नाही. प्रॉटेस्टंट म्हणतो, शास्त्रातले वचन पुरे. मध्यस्थ एकटा ख्रिस्त. (ल्यूथरने स्वतः मात्र खाजगी कबुली टाकून दिली नव्हती.) १५४७ साली ट्रेंटच्या धर्मसभेने ठरविले की, आपण तरलोच असे छातीठोकपणे कोणी म्हणू नये, आशा धरावी. पुष्कळ प्रॉटेस्टंटांना तर ती खात्री हाच श्रद्धेचा गाभा वाटतो. १९९९ साली ऑग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरपंथी यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, तेव्हा हे अंतर पुष्कळ कमी झाले.

पण ग्रंथांतला वाद बाजूला ठेवून आम्ही पंडिता रमाबाईंकडे वळतो. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथला भगिनींचा आश्रम इंग्लंडच्या चर्चचा, पण वळण कॅथलिकांच्या जवळचे. चर्चचा अधिकार किती मानावा, यावरून बाईंनी तिथल्या गुरुभगिनीशी पत्रांतून चांगलाच वाद घातला. १८८९ साली त्यांनी आपल्या चौपाटीवर शारदासदन काढले. काम जोरात, मनाला मात्र स्वस्थता नाही. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत मोकळेपणी सांगितले आहे. विधी झाला होता. खात्री राहिली होती.

गंमत पुढेच आहे. १९०५ साली केडगावच्या मुक्तिमिशनात जागृतीची लाट आली, तेव्हा मुली हुंदके देत सर्वांदेखत आपापली पापे सांगू लागल्या. धर्मगुरूचा कान तिथे कोणी मागितला नव्हता. पण कान लागलाच, शेजारणीचा.