आमदारांकडे काय मागायचं?



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. कायद्याची पदवी माझ्याकडे नाही. पण तीन वर्षांपूर्वी माझ्या फुफीचे पैसे बुडाले आणि मला कायदा वाचावा लागला.

फुफीने शिवणकाम करून जमवलेले दोन लाख एका संस्थेत ठेवले होते. ‘व्याज नाही, हलाल नफा’ असं तिला सांगितलं होतं. वर्षभर दरमहा पैसे आले, मग एके दिवशी ऑफिसला कुलूप. तक्रार द्यायला निघालो तेव्हा तिचा कागद मी पहिल्यांदा नीट वाचला. त्यावर ती ठेवीदार नव्हती, ‘भागीदार’ होती.

या एका शब्दाने काय होतं बघा. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राचा १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे. वकील, पोलिस त्याला एमपीआयडी म्हणतात. परत देण्याच्या बोलीवर घेतलेली रक्कम त्यात ठेव ठरते, मग त्यावर मिळणाऱ्या पैशाला व्याज म्हणा, बोनस म्हणा की नफा. पैसे बुडवले तर सरकारला मालमत्ता जप्त करता येते. म्हणजे नुसतं ‘हलाल नफा’ म्हटल्याने कोणी सुटत नाही. पण फर्मच्या भागीदारांनी घातलेलं भांडवल या व्याख्येतून वगळलेलं आहे. खऱ्या भागीदारीसाठी ते योग्यच. फसवणारे मात्र त्याच दारातून निसटू पाहतात. २०१९ मध्ये बेंगळुरूत बुडालेल्या आयएमएनेही लोकांना भागीदारच करून घेतलं होतं.

हा कायदा राज्याचा आहे. त्यात दुरुस्ती करायचं काम आपल्या आमदारांचं. ज्याला हिशेब बघता येत नाही, कारभारात मत नाही, त्याला नुसत्या कागदावरून भागीदार मानू नये, एवढी दुरुस्ती मागायची. मंत्री आणत नसतील तर आमदार अशासकीय विधेयक मांडू शकतात.

दुसरी गोष्ट जिवाची. आपल्या कितीतरी मोहल्ल्यांत खाली गोदाम किंवा कारखाना आणि वर बिऱ्हाडं. २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली आगीपासून बचावाची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. कायदा आहे, तपासतं कोण? आपल्या भागात किती इमारतींनी ते दिलं, न देणाऱ्यांवर काय कारवाई झाली, हे आमदारांना तारांकित प्रश्न टाकून विचारता येतं. तो चर्चेला आला की मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावं लागतं.

आपण आमदारांकडे जातो ते गटार, पेव्हर ब्लॉक, नाहीतर शिफारसपत्रासाठी. मीही गेलोय. गटाराचं काम नगरसेवकाला सांगता येतं. कायदा बदलायचं काम नगरसेवक करू शकत नाही. आपण मागितलंच नाही, तर त्यांच्या यादीत ते येणार कसं?

म्हणून पुढच्या अधिवेशनाआधी पाच-दहा जणांनी मिळून आमदारांना भेटा. या दोन मागण्या लेखी द्या, पोच घ्या. अधिवेशन संपल्यावर पुन्हा जा आणि काय केलंत ते विचारा.

फुफी अजून तारखांना जाते. ‘भागीदार’ या शब्दावर वकिलांचा वाद चालूच आहे. परवा तिने मला विचारलं, “बेटा, सही करताना कुणी वाचून का नाही दाखवलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज घरी गेल्यावर तुमच्या अम्मीचे, खालाचे कागद तेवढे वाचून बघा.